शेवंताकाकूंच्या फडातली लढाई

फेब्रुवारी लागला की आमच्या सांगलीच्या गच्चीवर काजळी उतरायला लागते. बोटभर लांबीचे काळे तुकडे वाऱ्यावर येतात आणि नेमके धुतलेल्या पांढऱ्या कपड्यांवर बसतात. ऊस तुटून गेला की शिवारात मागं उरलेलं पाचट, म्हणजे वाळका पाला, पेटवतात, त्याची ही राख. सून म्हणते, दोऱ्या खाली जिन्याजवळ बांधू या. मी नको म्हणते, आणि का नको ते मला सांगता येत नाही. एखादा तुकडा चिमटीत धरला की त्याचं पीठ होतं, बोटं काळी होतात आणि मग पुढचा तासभर मला कशातच राम वाटत नाही. चहा गार होतो, पेपर एकाच पानावर उघडा राहतो आणि मी या खोलीतून त्या खोलीत येरझाऱ्या घालते. सून माझ्या मुलाला सांगते, आईंचा हंगाम सुरू झाला.

तिचं खरं आहे. लोकांना दिवाळीची सुट्टी आठवते, परीक्षेचे दिवस आठवतात. मला एक गळिताचा हंगाम आठवतो. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन पावसाळे चांगले झाले होते, तेव्हाचा. त्या हंगामात आमच्या गावात लढाई झाली. खोटी, सिनेमातली. आणि तो सिनेमा माझ्या वडिलांवर होता.

एवढं सांगितलं की लोक सिनेमाचं नाव विचारतात. सांगितलं तर कुणाला आठवत नाही, म्हणून मी सांगणं सोडून दिलं. सांगलीच्या एका टॉकीजला सकाळच्या खेळाला तो आठवडाभर चालला. मी दोनदा पाहिला. दुसऱ्यांदा गेले ती फक्त खात्री करायला, की जे मी डोळ्यांनी पाहिलं ते पडद्यावर खरंच नाही. नव्हतंच. माझी सगळी तगमग त्या नसलेल्या गोष्टीची आहे. आता सत्तरी उलटली, आबाही जाऊन वीस वर्षं झाली, तेव्हा कुठंतरी लिहून ठेवलेलं बरं.

आबा म्हणजे माझे वडील, धोंडिराम. बुटके, काळे, रुंद मनगटांचे, बोलायला अगदी कंजूष. आमचं गाव कुंडलपासून सात-आठ मैलांवर, आणि गावात घरटी एक माणूस फौजेत. पत्र्याच्या काळ्या ट्रंका, त्यांवर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर, हे आमच्याकडचं घराघरातलं सामान. आबाही असेच भरती झाले. मग रजेवर आले असताना त्यांनी आमच्या सगळ्या भावकीबरोबर धम्माची दीक्षा घेतली. भावकीतल्या बाकीच्यांनी घरातले देव नदीत सोडले आणि नवी नावं, नवी गाणी शिकायला लागले. आबांनी पहिलं शील अगदी शब्दशः मनावर घेतलं. कुणाचा जीव घ्यायचा नाही. आणि रजा संपवून ते परत गेले कुठं, तर पलटणीत.

तिथं त्यांनी साहेबापुढं जाऊन सांगितलं की कुठंही पाठवा, काहीही करायला लावा, पण बंदूक हातात देऊ नका. मग व्हायचं ते झालं. महिनाभर पाठीवर ओझं बांधून उन्हात पळवलं. कुणी भित्रा म्हणालं, कुणी वेडा. शेवटी एका वयस्कर साहेबानं तोड काढली. लढाई लागली की पलटणीचा बँड वाजवणं बंद करतो आणि बँडवाले जखमींचे स्ट्रेचर उचलतात. तर याला बँडमध्ये टाका. सुरांशी आबांचा काडीचा संबंध नव्हता, म्हणून त्यांच्या गळ्यात मोठा ढोल आला. गंमत म्हणजे दीक्षेनंतर आमच्या लोकांनी गावच्या जत्रेत हलगी वाजवायचं सोडून दिलं होतं, आणि इकडं आबा परेडमध्ये ढोल बडवत होते. यावरून आई त्यांना मरेपर्यंत चिडवायची.

गावात त्यांची ओळख ‘बँडवाला’ एवढीच. पासष्टच्या लढाईनंतर त्यांना पदक मिळालं तरी ती ओळख काही पुसली गेली नाही. चावडीवर फौजी मंडळी जमली की कोण कुठल्या मोर्चावर होता त्याच्या गोष्टी निघायच्या आणि आबांची पाळी आली की कुणीतरी म्हणायचं, तुमचं काय बाबा, ढम ढम. आबा हसायचे. मला त्या हसण्याचा फार राग यायचा. मी तेव्हा बावीस वर्षांची, नुकतीच गावच्या शाळेत मास्तरीण झालेली, आणि जगातलं सगळं चुकीचं मला दुरुस्त करायचं होतं.

त्या हंगामाचा वास अजून नाकात आहे. तोडकऱ्यांच्या पालांपुढच्या चुली, उसाच्या चिपाडांनी भरलेले रस्ते, बैलांच्या गळ्यातले चाळ. शाळेत मुलं अर्धीच. जी यायची त्यांचे ओठ ऊस सोलून सोलून फाटलेले. दुपारी खिडकीतून धुराचा लोट दिसला की वर्गातलं कुणीतरी सांगायचं, बाई, आज अमक्याचं पाचट पेटलं. गाव सगळं पायाला भिंगरी लावल्यासारखं पळत असायचं आणि त्यात या सिनेमावाल्यांची जीपगाडी येऊन उभी राहिली.

दिग्दर्शक पुण्याचे. मधुसूदन त्यांचं नाव, पण सगळे साहेबच म्हणायचे. लष्करातल्या एका डॉक्टरनं कुठल्याशा मासिकात आबांबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, त्या यांच्या वाचनात आल्या. बंदूक न उचलणारा जवान, ही कल्पना त्यांच्या डोक्यात बसली. इस्पितळाचा भाग महाबळेश्वरच्या एका बंगल्यात उरकून मंडळी आमच्याकडं आली, कारण आबांची लढाई झाली होती तीसुद्धा उसातच, सरहद्दीवरच्या उसाच्या शेतांत. साहेबांना उसाचा जळालेला फड हवा होता. पाचट पेटवलं की धूर फुकट, राख फुकट, आणि खरोखरचे फौजी शेकड्यानं. त्यांना वाटलं आपल्याला लॉटरी लागली.

आबांचं काम करणारा नट सहा फुटी आणि गोरापान. त्याला बघून आई पदर तोंडाला लावून हसत सुटली. आबा मात्र त्याला मन लावून शिकवत. स्ट्रेचर उचलताना गुडघ्यातून उठायचं, कमरेतून नाही. पाय उतारावर असले तरी डोकं खाली जाऊ द्यायचं नाही. जखमी माणसाशी सारखं बोलत राहायचं, काहीही, गावचं, पिकाचं. एरवी दिवसाला दहा वाक्यं बोलणारे आबा त्या दिवसांत इतके बोलले की मी थक्क झाले.

पण गाडं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. कथेत पलटण माघार घेते. माघारीतच आबांनी जखमी उचलले, त्यामुळं माघार हवीच. साहेबांनी चाळीस-पन्नास माजी सैनिक गोळा केले. म्होरक्या आनंदा हवालदार, मिशा पिळलेले, पन्नाशी उलटलेले. सगळ्यांनी ट्रंकेतून गणवेश काढले, डांबरगोळ्यांचा वास शिवारभर पसरला. पुढं धावायचं म्हटलं की हे असे सुटायचे की कॅमेरावाल्याची तारांबळ उडायची. मरायचं म्हटलं की छातीवर हात ठेवून ऐटीत मरायचे. पण साहेबांनी ‘आता मागे पळा’ म्हटलं आणि कुणी हलेना. साहेब घसा खरवडून ओरडले, तेव्हा मंडळी मागं आली. चालत, ओळीत, छाती पुढं काढून.

साहेबांनी पुन्हा समजावलं. पुन्हा तेच. तोवर पाचट जळून संपलं. दुसऱ्या दिवशी दुसरा फड पेटवला, तिथंही तीच गत. शेवटी हवालदारांनी साहेबांना बाजूला घेऊन मोकळेपणानं सांगितलं.

“सायेब, पाठ दाखवून पळायाचं आमाला जमायचं न्हाई. बायका-सुना बांधावर बसल्यात. उद्या नातवंडं इचारतील.”

“अहो, पण हे खोटं आहे, हवालदार. सिनेमा आहे.”

“मरायचं खोटं चालतंय. पळायाचं न्हाई चालत.”

मी हे ऐकून हसले होते. आज हसू येत नाही. त्यांच्यातले निम्मे लोक खऱ्या माघारीत होते, जीव घेऊन मागं आले होते, आणि ते गावाला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं प्रत्येकानं आपापली गोष्ट जपून ठेवली होती. आणि त्यात सगळ्यात जपून ठेवलेली गोष्ट आबांची होती.

ती त्यांनी साहेबांना सांगितली तेव्हा मी तिथंच होते. शाळा सुटलेली, व्हरांड्यात ऊन तिरपं आलेलं, मी वह्या तपासत बसलेले. आबांनी सांगितलं की माघारीचा हुकूम सुटला तेव्हा त्यांचा जोडीदार पडला होता. सगळे मागं गेले आणि आबा एकटेच उसात परत शिरले, कारण आत आपल्या गावचा सर्जेराव पडलेला त्यांनी पाहिला होता. बावीस वर्षांचा पोरगा. पोटाला लागलेलं. एकट्यानं उचलायला गेलं की असा ओरडायचा की पुन्हा खाली ठेवावं लागायचं. म्हणून आबा त्याच्याजवळ बसून राहिले, दोन्ही फौजांच्या मध्ये. सर्जेराव म्हणाला, मला गोळी घाल. त्याची बंदूक तिथंच पडली होती. आबांनी घातली नाही. तो पुनःपुन्हा म्हणत राहिला. मग त्याचा हात बंदुकीकडं सरकायला लागला, तेव्हा आबांनी ती पायानं लांब ढकलून दिली.

साहेबांचे डोळे चमकले. ते म्हणाले, हाच सिनेमा आहे. आबा म्हणाले, हे घालू नका. गावात त्याची आई आहे.

सर्जेरावची आई म्हणजे शेवंताकाकू. विधवा, पाच एकर बागायत स्वतः करणारी, तोंडानं फटकळ, उन्हानं रापलेली. सर्जा तिचा एकुलता एक. लढाईवरून आल्यावर आबा तिच्याकडं गेले आणि म्हणाले, एका गोळीत गेला, काही कळलंसुद्धा नाही त्याला. तेव्हापासून दरवर्षी त्या तिथीला काकू आबांना बोलावून घ्यायच्या. त्या सोप्यात, आबा पायरीवर. कोनाड्यात आमच्यासाठी निराळा ठेवलेला कप होता, त्यात चहा यायचा. काकू विचारायच्या, एका गोळीत? आबा म्हणायचे, व्हय. काय बोलला न्हाई? न्हाई. मग काकू उठून आत जायच्या. आबांना वाटायचं, तेवढ्यानं बाईला धीर येतो. मलाही तसंच वाटायचं.

आता दोन फड वाया गेल्यावर न पेटलेला असा मोठा फड एकच उरला होता, शेवंताकाकूंचा. साहेब मागायला गेले तर त्यांनी लगेच दिला. वर विचारलं, माझा सर्जा पण आहे ना सिनेमात? साहेब म्हणाले, आहे. कसा जातो ते त्यांनी सांगितलं नाही. उद्या पेटवायचं ठरलं आणि काकूंनी निरोप पाठवला की मी बघायला येणार.

त्या दिवसाचे आबा मला विसरता येत नाहीत. घरातून अंगणात, अंगणातून रस्त्यावर, पुन्हा घरात. विडी पेटवायची, विझवायची. साहेबांना भेटून आले, प्रसंग गाळा म्हणाले. साहेब ऐकेनात. तो गाळला तर तुम्ही उरताच किती, असं ते म्हणाले म्हणे. आबांनी मनात आणलं असतं तर सगळा सिनेमा बंद पाडला असता. मी मध्ये पडले. म्हटलं, बंद कशाला पाडता, काकूंना आधी जाऊन खरं सांगून टाका. ते म्हणाले, दहा वर्षं झाली, आता कुठल्या तोंडानं? आणि मी, बावीस वर्षांची शहाणी, म्हणाले, “पहिलं शील पाळलंत आबा. चौथ्याचं काय? खोटं बोलायचं नाही, हेही त्याच दिवशी म्हटलं होतं ना?”

आबांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. चपला घातल्या आणि काकूंच्या घराकडं गेले. तासाभरानं आले. चहा प्यालो म्हणाले. सांगितलंत? न्हाई. एवढंच. ते वाक्य मी बोलायला नको होतं असं मला पुढं हजारदा वाटलं आहे आणि बोलले ते बरंच झालं असंही तितक्याच वेळा वाटलं आहे. यातलं कुठलंच अजून पक्कं होत नाही.

आजकाल शिवारात पाचट जाळू नका म्हणून सांगतात. जमिनीचा कस जातो, जिवाणू मरतात. माझा मुलगा शेतकी कॉलेजात शिकवतो, तो मला हे नीट समजावून सांगतो आणि त्याचं बरोबर आहे हे मला पटतं. पण पाचट पेटतं तेव्हाचा आवाज त्यानं ऐकलेला नाही. आधी नुसतं सळसळतं, वाटतं कुणी चालत येतंय, आणि मग एकदम फटफट फुटायला लागतं. त्या दुपारी काकूंच्या फडाला चारी बाजूंनी काडी लावली आणि तो आवाज सुरू झाला तेव्हा बांधावरच्या निम्म्या फौजींच्या माना आपोआप खाली गेल्या. आनंदा हवालदारांनी मिशीवरचा हात खाली घेतला. उसातली लढाई ज्यांनी पाहिली होती, ते सगळे त्या आवाजानं ओळखू येत होते.

आग बसली, धूर जमिनीलगत उरला. आंब्याखाली घोंगडी टाकून काकू बसल्या होत्या, नवं इरकली लुगडं नेसून. साहेबांनी भोंग्यातून सांगितलं, मागे पळा. मंडळी पुन्हा थबकली. एकमेकांकडं बघायला लागली.

तेव्हा आबा बांधावरून उतरले. धोतर गुडघ्यावर खोवलं आणि त्या लोकांच्या पुढं जाऊन उभे राहिले. आवाज चढवला नाही, पण शिवारात सगळ्यांना ऐकू गेलं.

“आनंदा, मागं आलो हुतो रं आपन. तूबी हुतास, मीबी हुतो. पळालो म्हनून तर ही पोरंबाळं दिसली. ह्यात लाजायाचं काय हाय?”

आणि ते पळाले. पन्नाशीला टेकलेला माणूस, वाकून, डोकं हातांनी झाकून, ठेचकाळत, सगळ्या गावादेखत. पळून बांधापर्यंत आले, वळले आणि पुन्हा तिकडं जाऊन उभे राहिले. कुणी ‘ढम ढम’ म्हणालं नाही. हवालदारांनी टोपी काढून कमरेला खोचली. मग भोंगा वाजला आणि पन्नास माणसं धुरातून पळत सुटली. ते पळणं मी पाहिलं आहे आणि ते अभिनयाचं नव्हतं. कुणाच्या तोंडून हुंदके येत होते. त्यांच्या बायका बांधावर उठून उभ्या राहिल्या होत्या. सिनेमात तो प्रसंग मिनिटभराचा आहे, आणि तेवढाच पाहण्यासारखा आहे.

पाठोपाठ, धूर आहे तोवर, साहेबांनी पुढचं घेतलं. सर्जेराव झालेला कोवळा नट राखेत पडला, गोरा नट त्याच्याजवळ बसला. आवाज नंतर पुण्यात भरायचा होता, पण चेहऱ्यावर यायला पाहिजे म्हणून साहेब म्हणाले, ओरड. आणि तो पोरगा ओरडला. गोळी घाल मला. मागं ठिवू नको. घाल गोळी.

मी काकूंकडं पाहिलं. त्या उठल्या होत्या. चपला घोंगडीपाशीच राहिल्या आणि त्या अनवाणी फडात उतरल्या. राख अजून गरम होती, खाली धसकटं होती. कॅमेरावाल्यानं हात हलवला, साहेब ‘थांबा, थांबा’ करत पळाले. काकू कुणाकडं न बघता सरळ आबांपुढं जाऊन उभ्या राहिल्या. मी आबांसाठी पाण्याचा तांब्या घेऊन निघाले होते, ती तशीच त्यांच्या मागं गेले.

“धोंडिराम, माजा सर्जा असा वरडला?”

“व्हय, वैनी.”

“एका गोळीत गेला म्हनलास.”

“खोटं बोललो.”

“कवापतोर हुता?”

“दीस मावळंपतोर.”

काकूंनी राखेत पडलेल्या त्या पोराकडं आणि त्याच्याजवळच्या बंदुकीकडं पाहिलं. मग त्यांनी बंदुकीचं विचारलं. आबांनी काही झाकलं नाही. आपण गोळी घातली नाही, आणि त्याचा हात जायला लागला तेव्हा बंदूक लांब ढकलली, हेही सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, तू बरं केलंस असं मी म्हणत नाही, वाईट केलंस असंही म्हणत नाही, मला यातलं कळत नाही. आणि एकदम म्हणाल्या,

“पानी मागितलं आसंल त्यानं.”

आबांचा चेहरा उतरला. तो मला आजही दिसतो. बंदुकीचं सांगताना ते सरळ बघत होते, आता त्यांची नजर जमिनीला गेली. माझ्या लक्षात आलं की व्हरांड्यात त्यांनी साहेबांना सगळं सांगितलंच नव्हतं.

“मागितलं,” ते म्हणाले. “दिसभर मागत हुता. पोटाला लागल्याला पानी द्यायाचं नसतंय, वैनी. आमाला शिकवल्यालं असतंय. पानी दिलं की मानूस जातंय. म्या दिलं न्हाई. दीस मावळाय लागला आन मला त्याचं बघवंना. सगळी बाटली पाजली. पाजली आन त्यो गेला. बंदुकीला हात लावला न्हाई म्हनून ही लोकं माजा सिनेमा काढत्यात. म्या पान्यानं मारलं तुमच्या लेकराला.”

दहा वर्षं हा माणूस हे पोटात घेऊन जेवला, झोपला, माझ्या लग्नाची काळजी करत बसला. आणि मी त्याला चौथं शील शिकवत होते.

शेवंताकाकू राखेतच खाली बसल्या. रडल्या नाहीत. त्यांचं लुगडं काळं झालं.

“एका गोळीत, एका गोळीत म्हनत ऱ्हायलास रं तू,” त्या म्हणाल्या. “आन मी दर साली घरात जाऊन ऊर बडवत हुते. माजं लेकरू कोरड्या तोंडानं गेलं म्हनून. मरताना घोटभर पानी घालाय कोन न्हवतं म्हनून. धा वर्सं माज्या घशाखाली सुखानं पानी उतरलं न्हाई.” मग वर बघून त्यांनी विचारलं, “कशातनं पाजलंस?”

“बाटली त्याच्या तोंडाला लागंना. माज्या ओंजळीतनं.”

“प्याला?”

“सगळं प्याला.”

काकू उठल्या. माझ्या हातातला तांब्या त्यांनी काढून घेतला. आमच्या घरचा तांब्या, ज्याला त्यांच्या घरातल्या कुणी कधी बोट लावलं नव्हतं. बांधावर सगळी भावकी उभी होती, त्यांची आणि आमची. “धर हात,” त्या म्हणाल्या. आबांना कळेना. त्यांनी स्वतःच आबांचे दोन्ही हात ओढून जोडले, त्यांत पाणी ओतलं आणि खाली वाकल्या.

साहेबांनी कॅमेरावाल्याला खूण केली होती, पण त्याचं रीळ संपलं होतं. बरं झालं. काकूंनी एकदा प्याल्यावर पुन्हा ओतलं, पुन्हा प्याल्या, तांब्या रिकामा होईपर्यंत. मग पदरानं तोंड पुसून त्या घराकडं चालायला लागल्या. आबा तिथंच उभे होते, हात तसेच ओंजळीत धरलेले, आणि मी दंडाला धरेपर्यंत त्यांनी ते खाली घेतले नाहीत.